चाकू लागण्यापूर्वी

मांडीवर गाठ येते. दुखत नाही म्हणून दुर्लक्ष होते. पुढे तालुक्याच्या गावी ती चरबीची समजून, तुकडा न तपासताच काढली जाते आणि अहवालात ‘सार्कोमा’ हा शब्द येतो. मऊ ऊतींचा हा कर्करोग इतका विरळा, की पुष्कळ शल्यचिकित्सकांच्या उभ्या कारकिर्दीत त्याचे मोजकेच रुग्ण येतात. एव्हाना जखमेभोवती रोगपेशी पसरलेल्या असू शकतात. दुसरी शस्त्रक्रिया अधिक मोठी होते. मग दागिने गहाण टाकून कुटुंब परळच्या टाटा रुग्णालयाची वाट धरते.

वैद्यकीय सेवेत घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्याला फार अधिक माहिती असते, हे अर्थशास्त्रज्ञ केनेथ अ‍ॅरो यांनी १९६३ साली मांडले. विरळ्या रोगात देणाराही पुष्कळदा अंधारातच असतो! २०१८ची आयुष्मान भारत योजना वर्षाला पाच लाखांपर्यंत खर्च उचलते, तो रुग्णालयात दाखल झाल्यावर. सल्ल्यासाठी केलेल्या वणवणीचा नव्हे.

वस्तुतः ही वणवण रुग्णाच्या वाट्याला येण्याचे कारण नाही. सुईने घेतलेला, मेणात बसविलेला नमुना टपालानेही जातो. २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील तज्ज्ञांकडे तो जिल्हा रुग्णालयातूनच, सरकारी खर्चाने रवाना व्हावयास हवा.