व्यवसायोपचार : पुरावा परदेशी, रुग्ण देशी

पक्षाघातातून वाचलेल्या रुग्णाला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावे, कपडे घालता यावेत, कामावर परतता यावे, यासाठी व्यवसायोपचारतज्ज्ञ प्रयत्न करतात. हे उपचार केवळ सवयीने न देता संशोधनातून मिळालेल्या पुराव्यावर आधारलेले असावेत, असा आग्रह जगभर धरला जातो. विकसनशील देशांत मात्र त्यात अनेक अडचणी आहेत.

पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे संशोधनाचे अंधानुकरण नव्हे. डेव्हिड सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये केलेल्या मांडणीनुसार उत्तम संशोधन, उपचारकाचा अनुभव आणि रुग्णाची इच्छा या तिन्हींचा मेळ त्यात अभिप्रेत आहे.

मध्य प्रदेशातील जबलपूरसारख्या शहरात हा मेळ घालणे सोपे नाही. तेथील नेताजी सुभाषचंद्र बोस वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मंडला, दिंडोरी या आदिवासीबहुल जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. गावातील मजुराला उपचारांसाठी वारंवार शहरात येणे परवडत नाही. जमिनीवर मांडी घालून जेवणे, उकिडवे बसणे ही त्याची रोजची गरज असते. श्रीमंत देशांतील चाचण्यांत या गरजांचा विचार क्वचितच होतो.

अशा वेळी कुटुंबीयांनाच प्रशिक्षण देऊन घरी उपचार करावेत, हा मार्ग सयुक्तिक वाटतो. भारतातील १४ रुग्णालयांतील १,२५० रुग्णांवर ‘अटेंड’ या चाचणीत तो पडताळण्यात आला. ‘लॅन्सेट’मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष अनपेक्षित होता. सहा महिन्यांनंतर मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. कुटुंबाचा आधार निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. मात्र तज्ज्ञांची उणीव केवळ अशा प्रशिक्षणाने भरून निघेल, या समजाला या चाचणीने आधार दिला नाही.

संशोधन वाचायला मिळणे हीदेखील मोठी अडचण होती. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजनेमुळे सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे १३ हजार नियतकालिके खुली झाली. खासगी दवाखान्यांतील उपचारकांचा मात्र पहिल्या टप्प्यात समावेश नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. आता भारतीय रुग्णांच्या गरजांवर बेतलेल्या अधिक चाचण्या झाल्या, तरच वेळ आणि पैसा नेमक्या कोणत्या उपचारावर खर्च करावा, हे गरीब कुटुंबाला खात्रीने सांगता येईल.