वर्गाबाहेरचा वर्दीवाला

कमरेला पिस्तूल, खांद्याला वॉकीटॉकी आणि मधल्या सुट्टीत पोरांशी गप्पा. अमेरिकी शाळेतल्या या पोलिसाला ‘स्कूल रिसोर्स ऑफिसर’ म्हणतात. पहारा द्यायचा, मुलांना समजून घ्यायचं, शिवाय कायदाही शिकवायचा!

सुरुवात 1950च्या दशकात, मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात. पण पेव फुटलं ते 1999मध्ये कोलंबाइन शाळेत झालेल्या गोळीबारानंतर. केंद्र सरकारने नेमणुकांसाठी पैसा सोडला. खरं तर कोलंबाइनमध्ये असा पोलीस होताच. 2018मध्ये पार्कलंडच्या शाळेत 17 जण मारले गेले, तेव्हा तिथला सशस्त्र पोलीस इमारतीबाहेरच थांबला. 2023मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं. म्हणजे पोलीस असूनही गोळीबार थांबत नाही, ही एक तक्रार.

दुसरी तक्रार नेमकी उलटी: गरज नसताना पोलीस मधे पडतो. 2015मध्ये साउथ कॅरोलायनात, मोबाइलवरून झालेल्या वादात वर्गाबाहेर जायला नकार देणाऱ्या मुलीला पोलिसाने बाकासकट उलटवून फरफटवलं. वर्गमित्रांनी ते चित्रित केलं. त्या पोलिसाची नोकरी गेली. मुख्याध्यापकांनी दटावून मिटवावं असं प्रकरण, त्यात बेड्या कशाला?

डेन्व्हर शहर या दोन्ही तक्रारींमध्ये हेलकावलं. पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइडचा मृत्यू झाल्यावर, 2020मध्ये, तिथल्या शिक्षण मंडळाने शाळांतून पोलीस काढायचं ठरवलं. मार्च 2023मध्ये ईस्ट हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने दोन कर्मचाऱ्यांवर गोळ्या झाडल्या. जूनमध्ये मंडळाने पोलीस काढण्याचा तो निर्णय फिरवला.