हंबीर : आपल्या गावचे नाव, की इथले?



मुसफ्फाच्या शाबियात नुकतेच एक बारसे झाले. आजोबा कऱ्हाडकडचे, त्यामुळे नातवाचे नाव त्यांनी आधीच पक्के करून ठेवले होते : हंबीर. आईला ते जरा जड वाटले. शाळेत मुले काय म्हणतील, इथल्या लोकांना उच्चारता येईल का, आणि मुख्य म्हणजे या नावाचा अर्थ काय, असे तिचे प्रश्न. आजोबांचे उत्तर एकच, "अर्थ काय विचारतेस, सरसेनापतींचं नाव आहे!" जेवणाच्या पंगतीत दोन तट पडले. इथे जन्मदाखला, पासपोर्ट, एमिरेट्स आयडी या सगळ्यांवर एकदा नाव चढले की बदलणे म्हणजे केवढी उठाठेव, हे आपण सर्व जाणतोच. म्हणून त्या नावाचा थोडा शोध घेतला.

आजोबांचे सरसेनापती म्हणजे तळबीडचे हंबीरराव मोहिते. पण त्यांचे मूळ नाव हंसाजी! फेब्रुवारी १६७४ मध्ये नेसरीला प्रतापराव गुजर पडल्यावर महाराजांनी हंसाजींना सरनौबत केले आणि 'हंबीरराव' हा किताब दिला. पुढे किताबच नाव झाले. २०२२ मध्ये त्यांच्यावर चित्रपट आला, तेव्हापासून नव्या पिढीलाही हे नाव ऐकून माहीत आहे.

पण किताबाचा अर्थ काय? बहुतेक जण सांगतात की यात 'वीर' आहे, 'व'चा 'ब' झाला. ऐकायला छान वाटते, पण मग पुढच्या 'हं'चे काय करायचे? संस्कृतात त्याचा नीट अर्थ लागत नाही. अभ्यासकांनी मांडलेली व्युत्पत्ती वेगळी आहे, आणि आपल्याला इथे राहून ती जास्त गमतीची वाटेल. हंबीर हे 'हम्मीर'चे रूप, आणि हम्मीर म्हणजे अरबी 'अमीर'!

अमीर म्हणजे आपण समजतो तसा श्रीमंत नव्हे. अरबीत अलिफ-मीम-रा या धातूचा अर्थ हुकूम देणे. अमीर म्हणजे ज्याचा हुकूम चालतो तो. (आमच्या आयटीच्या भाषेत ॲडमिन!) मराठीतले 'अमीर-उमराव' त्यातलेच, उमराव हे अमीरच्या अनेकवचनावरून आलेले. इंग्रजी ॲडमिरलचे मूळही हेच. आणि ज्या देशात आपण राहतो त्याचे अरबी नाव 'अल इमारात', म्हणजे अमिरांची राज्ये. हंबीर आणि इमारात एकाच घराण्यातले शब्द झाले की! (आपली 'इमारत' मात्र यात नाही. ती 'ऐन' या वेगळ्या अक्षराने सुरू होते, धातू वेगळा, अर्थ बांधणे-वसवणे.)

सुरुवातीला 'ह' कुठून आला? तर परका शब्द तोंडात बसवताना असे होते. आपल्या कऱ्हाड-कोल्हापूरकडे 'इकडे'चे 'हिकडं' होतेच ना! शिवाय परक्या पदव्यांना संस्कृत पोशाख चढवण्याची तेव्हा रीतच होती. सुलतानचे 'सुरत्राण' केले, म्हणजे देवांचे रक्षण करणारा, आणि विजयनगरच्या राजांनी 'हिंदुरायसुरत्राण' अशी पदवी मिरवली. तसा अमीरचा हम्मीर. दिल्लीच्या सुरुवातीच्या सुलतानांच्या नाण्यांवर घोडेस्वाराच्या चित्राबरोबर नागरी लिपीत चक्क 'श्री हमीर' असे लिहिलेले आहे.

खरी गंमत पुढे आहे. तेराव्या शतकात जयसिंह सूरीने 'हम्मीरमदमर्दन' नावाचे संस्कृत नाटक लिहिले. त्यात हम्मीर हा शत्रू, तुर्क सुलतान, त्याचा गर्व उतरवायचा आहे. आणि त्याच शतकाच्या शेवटी रणथंबोरच्या गादीवर जो चौहान राजा होता त्याचे नाव हम्मीरदेव! तो १३०१ मध्ये अल्लाउद्दीन खिलजीशी लढताना मारला गेला. नंतर त्याच्यावर 'हम्मीरमहाकाव्य' रचले गेले, त्यात हम्मीर हा नायक. मेवाडातही राणा हम्मीर झाला. शत्रूची पदवी शंभर वर्षांच्या आत आपल्या मुलाचे नाव झाली. माझ्या मते याचे कारण सोपे आहे. ज्याचा दरारा वाटतो त्याचे नाव लोक उचलतात, आणि दोन पिढ्यांनी ते कुठून उचलले हे विसरतात.

म्हणूनच १६७४ ची गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी फारसी पदनामे बदलून संस्कृत आणली. पेशव्याचा मुख्य प्रधान झाला, सरनौबतचा सेनापती झाला. पण त्या सेनापतीचा 'हंबीरराव' तसाच राहिला. तोवर तो शब्द इतका आपला झाला होता की कुणाला परका वाटला नसावा. पुढे १६८० मध्ये गादीचा प्रश्न आला तेव्हा सख्खा भाचा राजाराम एका बाजूला असूनही हंबीररावांनी संभाजीराजांची बाजू घेतली, आणि डिसेंबर १६८७ मध्ये वाईच्या लढाईत ते पडले. आज हंबीर म्हटले की आठवतात ते हेच, गझनीचे वा दिल्लीचे अमीर नव्हेत. त्यामुळे 'हे आपले नाव नाहीच' असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शहाजी, दौलतराव, हैबतराव हीसुद्धा मग सोडावी लागतील!

आता व्यवहाराचे. इथल्या कागदपत्रांवर नाव अरबीतही येते. हंबीर लिहायचे तर हा, मीम, बा, या, रा. अमीर लिहायचे तर अलिफ, मीम, या, रा. समोरच्या अरबाला हंबीर वाचून काहीच अर्थबोध होणार नाही, कारण मधल्या 'बा'ने ओळख पुसली आहे. अरबीत 'ह' दोन आहेत, एक आपल्या 'ह'सारखा हलका आणि दुसरा घशातून काढायचा. टायपिंग सेंटरमध्ये फॉर्म भरताना हलका 'हा' टाकायला सांगावे, आणि 'बा'नंतरचा 'या' गाळलेला नाही ना, हे प्रिंट काढण्याआधी स्क्रीनवर बघून घ्यावे.