दीड मिलिसेकंदाचा हुकूम

निळ्या अर्धपारदर्शक प्लास्टिकच्या डबीत बसवलेली नऊ ग्रॅमची मोटार आणि तिला तीन वायरी: तपकिरी, लाल, नारिंगी. एसजी९० नावाचा हा सर्वो दिल्लीत लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटमध्ये मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतो, पुण्यात बुधवार पेठेत मिळतो. शाळकरी मुलांचे रोबो मान वळवतात, हात हलवतात, फाटक उघडतात ते बहुतेक याच्याच जोरावर.

नोएडात या सर्वोची गोष्ट सांगण्याला खास कारण आहे. १७ एप्रिल १९७६ रोजी औद्योगिक वसाहत म्हणून जन्मलेलं हे शहर आज चिपचा आराखडा आखणाऱ्यांचं शहर झालं आहे. एनएक्सपी, क्वालकॉम आणि रेनेसास यांची कार्यालयं इथे आहेत, आणि एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सचं मोठं केंद्र शेजारच्या ग्रेटर नोएडात आहे. मे २०२५ मध्ये रेनेसासच्या तीन नॅनोमीटर चिप डिझाइन केंद्रांचं उद्घाटन झालं, त्यातलं एक नोएडातलं आणि दुसरं बेंगळुरूचं. आता शाळेच्या टेबलावर पाहा. रोबोला हुकूम देणाऱ्या आर्डुइनो उनो आर-४ या बोर्डाच्या मध्यभागी रेनेसासची चिप असते. एका वेळी सोळा सर्वो चालवणारा छोटा निळा बोर्ड पीसीए९६८५ या एनएक्सपीच्या चिपवर चालतो. २०२५ मध्ये आलेल्या उनो क्यू बोर्डावर क्वालकॉमचा प्रोसेसर आहे आणि त्याच्या जोडीला एसटीचा मायक्रोकंट्रोलर. आर्डुइनो कंपनीच विकत घेत असल्याची घोषणाही क्वालकॉमने ऑक्टोबर २०२५ मध्ये केली. म्हणजे मुलाच्या हातातल्या बोर्डावरची नावं आणि नोएडातल्या काचेच्या इमारतींवरच्या पाट्या जवळपास सारख्याच.

असं असूनही त्या मुलाला त्या इमारतींच्या आत काय चालतं याचा पत्ता नसतो, याची मला खंत वाटते. सर्वो हे अंतर कापायला मदत करू शकतो, पण तो नीट शिकवला तर.

सर्वोच्या डबीत चार गोष्टी असतात: एक साधी डीसी मोटार, तिचा वेग कमी करून ताकद वाढवणारे गिअर, बाहेरच्या दांड्याला जोडलेला पोटेन्शिओमीटर आणि एक इवलंसं सर्किट. बोर्ड नारिंगी वायरीवरून दर वीस मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा, एक पल्स, म्हणजे विजेचा क्षणिक ठोका, पाठवतो. पल्सची रुंदी हाच हुकूम. ढोबळमानाने एक मिलिसेकंद म्हणजे एक टोक, दोन म्हणजे दुसरं टोक आणि दीड म्हणजे मध्य. दांडा आत्ता कुठे आहे ते पोटेन्शिओमीटर सांगतो. सर्किट त्या जागेची हुकमाशी तुलना करतं आणि फरक मिटेपर्यंत मोटार या किंवा त्या बाजूला फिरवतं. मग थांबतं, आणि कुणी दांडा ढकलला तर परत जागेवर आणतं.

यातली महत्त्वाची बाब बहुतेक वर्गांत सांगितली जात नाही. दुरुस्तीचं हे चक्र संपूर्णपणे डबीच्या आत फिरतं, बोर्डाला त्यातलं काहीच कळत नाही. हात खरंच पोचला की मध्येच अडकला, हे सांगणारी चौथी वायर साध्या सर्वोला नसतेच. बोर्ड सुरू झाल्यावर सर्वो कुठून निघाला हेही बोर्डाला ठाऊक नसतं, म्हणून पहिल्या हुकमाला तो पूर्ण वेगाने झेप घेतो. रोबोच्या हाताजवळ बोट ठेवलेल्या मुलाला हे आधी माहीत असायला हवं.

बोर्डाची बाजूही तितकीच सुबक आहे. इटलीतल्या इव्रिया गावच्या डिझाइन संस्थेत २००५ मध्ये आर्डुइनो जन्माला आला. त्याआधी तिथेच हर्नांडो बारागान या विद्यार्थ्याने वायरिंग नावाचा प्रकल्प उभारला होता, आर्डुइनोची सोपी भाषा मुळात तिथून आली. नेहमीच्या उनो बोर्डावर एटीमेगा३२८पी हा मायक्रोकंट्रोलर असतो: वेग १६ मेगाहर्ट्झ, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट, कामाच्या स्मृतीला अवघे २ किलोबाइट. एवढ्या भांडवलावर सर्वो लायब्ररी, म्हणजे सर्वो चालवणारा तयार कोड, एकाच टायमरच्या आधाराने बारा सर्वो सांभाळते. ती सगळ्यांना एकदम पल्स देत नाही, एकामागून एक देते. दीड मिलिसेकंदाच्या बारा पल्स अठरा मिलिसेकंदांत बसतात आणि वीस पूर्ण होताच पहिल्याची पाळी पुन्हा येते. हा टायमर लायब्ररीने अडवल्यामुळे नऊ आणि दहा क्रमांकाच्या पिनवर एलईडी मंद-प्रखर करणं बंद पडतं. ‘सर्वो जोडला आणि एलईडी बिघडला’ म्हणून हैराण झालेल्या मुलाला याचं कारण सांगितलं, तर त्याला मायक्रोकंट्रोलर आतून दिसू लागतो.

लायब्ररीत ९० अंश लिहिलं की प्रत्यक्षात १४७२ मायक्रोसेकंदांची पल्स जाते, कारण तिने शून्याला ५४४ आणि १८० ला २४०० धरलं आहे. स्वस्त सर्वो या आकड्यांना बांधलेले नसतात. काही १७० अंशांतच टोकाला टेकतात आणि पुढचा हुकूम आला की जागच्या जागी गुणगुणत तापत राहतात. गिअरचे दात जातात ते अशा वेळी.

पण सर्वोचे प्रयोग सर्वाधिक कुठे फसतात? प्रोग्रॅममध्ये नाही, विजेत. हात उचलताना सर्वो एकदम जास्त करंट ओढतो. विहिरीवरची मोटार चालू केली की घरातले दिवे मंदावतात, तसा बोर्डाचा व्होल्टेज बसतो आणि बोर्ड रीसेट होतो. मुलं तासन् तास प्रोग्रॅम तपासत बसतात. संगणकाच्या यूएसबीतून साधारण अर्धा अँपिअर मिळतो, आणि एमजी९९६आर हा धातूच्या गिअरचा सर्वो अडकला तर एकटाच अडीच अँपिअरपर्यंत मागतो. उपाय सोपा आहे. सर्वोला वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा द्यायचा आणि दोन्ही पुरवठ्यांचं ग्राउंड जोडायचं. ग्राउंड न जोडता केलेला प्रयोग थरथरत राहतो, कारण पल्सची उंची मोजायला सर्वोकडे आधारच उरत नाही.

टॉर्कचंही, म्हणजे फिरवण्याच्या ताकदीचंही, तसंच. एसजी९०च्या माहितीपत्रकात १.८ किलो-सेंटिमीटर छापलेलं असतं. दांड्यापासून एक सेंटिमीटरवर १.८ किलो, पण दहा सेंटिमीटर लांब हाताच्या टोकाला फक्त १८० ग्रॅम, आणि तेही दम निघेपर्यंत ताणून. शाळेच्या पुस्तकातली तरफ इथे उपयोगाला येते.

हे सगळं शिकायला जागाही आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने २०१६ पासून सुमारे दहा हजार शाळांत टिंकरिंग लॅब उभ्या केल्या, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी, प्रत्येकी वीस लाखांपर्यंतच्या अनुदानाने. २०२५च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत आणखी पन्नास हजार लॅबची घोषणा झाली. पैसा आणि सामान पोचतं आहे. कमी पडते ती उत्सुकता जागी ठेवणारी रीत. आयता प्रोग्रॅम, आयते तुकडे आणि तासाभरात नाचणारा रोबो अशा संचांनी प्रदर्शन साजरं होतं, शिक्षण होत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

लॅबच्या टेबलासाठी देशी पर्यायही आहे. नोएडाच्या सेक्टर ६२ मध्ये सी-डॅक या सरकारी संगणन-संशोधन संस्थेचं केंद्र आहे. पुणेकरांना सी-डॅक म्हटलं की विजय भटकर आणि १९९१चा परम ८००० महासंगणक आठवतो. याच संस्थेच्या तिरुवनंतपुरम केंद्राने वेगा हे प्रोसेसर घडवले आणि त्यातल्या तेजस३२ या चिपवर एरीज नावाचे बोर्ड आणले. रिस्क-५ पद्धतीचा ३२ बिटांचा गाभा, १०० मेगाहर्ट्झ, २५६ किलोबाइट स्मृती आणि पल्सची रुंदी बदलू शकणाऱ्या आठ (पीडब्ल्यूएम) वाटा. सर्वोला हव्या त्या पल्स यातून सहज निघतात. प्रोग्रॅमही आर्डुइनोच्याच ओळखीच्या खिडकीतून लिहिता येतो. ज्या देशात चिपची आखणी होते, तिथल्या लॅबमध्ये आपल्याकडे आखलेली चिप निदान एका टेबलावर असावी.

शिक्षकांना आणि पालकांना एक विनंती आहे. मुलाला पहिला सर्वो लायब्ररीशिवाय फिरवू द्या. पिन उंच करायची, दीड हजार मायक्रोसेकंद थांबायचं, पिन खाली आणायची, मग साडेअठरा मिलिसेकंद थांबायचं, आणि हे पुन्हा पुन्हा. चार ओळींचा हा प्रोग्रॅम दांडा मध्यावर आणून धरतो. मग दीड हजाराचे तेराशे करायला सांगा, सतराशे करायला सांगा. शेजारी एक मल्टीमीटर आणि वेगळा पाच व्होल्टचा पुरवठा ठेवा. लायब्ररी त्यानंतरच्या तासाला द्या.