ग्रंथालयाची खतावणी

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ग्रंथालयावर लिहावे याचे काहींना नवल वाटेल. परंतु ग्रंथालयाची दाखल नोंदवही म्हणजे आपली मालसाठ्याची वही, आणि देवघेवीची नोंद म्हणजे तर चक्क खतावणीच!

आपल्या महाविद्यालयात मराठी व कानडी शेजारी नांदतात, तशा माझ्या बेला या गावी मराठी व तेलुगू नांदतात. बेला आदिलाबाद जिल्ह्यात आहे. पैनगंगा ओलांडली की महाराष्ट्र. १९५६ साली हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात. २०१४ पासून तो तेलंगणात आहे. घरातली मराठी मात्र जागची हलली नाही.

गेल्या सुट्टीत तेथील एका लहान वाचनालयाच्या कामाला बसलो. कपाटे भरली होती, म्हणून तीन वर्षांत एकदाही बाहेर न गेलेली पुस्तके पोत्यांत बांधायची असे ठरले होते. यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. इंटरनेटवर फुकट मिळणारी साधने वापरून पाहावीत, असे मनाने घेतले.

'कोहा' ही ग्रंथालयांसाठीच केलेली मुक्त प्रणाली. न्यूझीलंडमध्ये २००० साली ती प्रथम वापरात आली. पण ती चालवायला सर्व्हर हवा व तो सांभाळणारा माणूस हवा. एका खोलीच्या वाचनालयाला हे म्हणजे शेळी बांधायला हत्तीचा साखळदंड! 'ट्रेलो'च्या फळ्यावर कामांच्या चिठ्ठ्या छान लागतात. कोणते पुस्तक बांधणीला गेले, कोणाला आठवण द्यायची, एवढ्यापुरते ते आम्ही ठेवले. शेवटी टिकले ते गूगल शीट्सचे साधे कोष्टक. नोंद मोबाईलवर करता येते व एकाच वेळी दोघांना तेच पान दिसते.

खरी अडचण निराळीच निघाली. जुन्या वहीतील देवघेव कोष्टकात उतरवली आणि शून्य वेळा गेलेली पुस्तके काढली, तर त्यांत खांडेकरांची 'ययाति'! ज्ञानपीठ मिळालेली कादंबरी, आणि वाचक एकही नाही? शोधता शोधता उलगडा झाला. पुस्तक १९५९ चे, दाखल नोंदीत नाव ऱ्हस्व 'ति'ने. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ चे. त्यांत शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ झाला. आमच्यासारखे शाळेत तेच शिकलेले, म्हणून देवघेवीत सगळीकडे 'ययाती'. आपण दोन्ही सहज एकच वाचतो. यंत्राच्या लेखी मात्र ही दोन पुस्तके. तीच गत 'पु. ल. देशपांडे' आणि 'देशपांडे पु. ल.' यांची. एकाच आसामीची दोन खाती उघडली तर बाकी जुळणार कशी?

उपाय आपल्या शाखेचाच: नाव नव्हे, क्रमांक. आयएसबीएन हा आंतरराष्ट्रीय क्रमांक १९७० च्या सुमारास रूढ होऊ लागला, त्यामुळे जुन्या पुस्तकांवर तो नसतोच. म्हणून पाठीवरचा दाखल क्रमांक हाच खाते क्रमांक धरला. देवघेवीत फक्त तो लिहायचा; नाव कोष्टकाने स्वतः आणायचे. लेखकांची नावेही ठरलेल्या यादीतूनच निवडायची.

या दुरुस्तीत माझे अकरा दिवस गेले. वेळ वाचवणाऱ्या साधनांनी आधी तो भरपूर खाल्ला, हे कबूल करतो. मात्र दोन बांधलेली पोती पुन्हा सोडावी लागली. तेलुगू पुस्तकांची तपासणी अजून बाकी आहे. मला तेलुगू बोलता येते, पण वाचनात मी अडखळतो. ते काम माझ्या बहिणीने घेतले आहे.