पथविक्रेते आणि शहराचा आराखडा: आधी सर्वेक्षण, मग जागा

लखनौच्या अमीनाबादेत पदपथावर चिकनकारीचे कुर्ते विकत असाल, तर शहराच्या नियोजनात तुमचीही जागा आहे. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार नगर पथविक्रेता समितीने दर 5 वर्षांत किमान एकदा सर्वेक्षण करायचे असते. ते होऊन विक्री प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणालाही हटवता येत नाही. म्हणून गणतीच्या दिवशी स्वतः हजर राहा; नोंद नसलेला विक्रेता आराखड्यात दिसतच नाही. समितीत किमान 40 टक्के सदस्य पथविक्रेत्यांनीच निवडून दिलेले असतात, तेव्हा मतदान चुकवू नका. स्थलांतरापूर्वी 30 दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. सर्वेक्षणात नाव राहिले असल्यास पीएम स्वनिधी कर्जासाठी नगर निगमाकडे शिफारसपत्र मागता येते.