पेटी उघडणाऱ्यांचं वाद्य

वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटकडे जा, आर्वीकडे जा, नाहीतर देवळीकडे. संध्याकाळच्या भजनाला खंजिरी, तबला, टाळ आणि पेटी हा ठरलेला संच असतो. खंजिरीला इथे वेगळाच मान आहे, कारण ती तुकडोजी महाराजांच्या हातातली. १९३६ साली महाराज सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधीजींजवळ राहून गेले. त्यामुळे खंजिरीचं नाव या मातीच्या इतिहासातही येतं. पेटीचं नाव असं कुठे येत नाही. ती साथीला बसते आणि साथीलाच राहते. तरीही नवल पेटीचंच वाटायला हवं. पॅरिसच्या अलेक्झांद्र दबँने १८४० च्या दशकात नावारूपाला आणलेलं हे युरोपी यंत्र. त्याच्यावर आपल्याकडच्या जाणकारांनी केली तितकी टीका दुसऱ्या कुठल्या वाद्यावर क्वचितच केली असेल, आणि तरी ते गावाच्या देवळात पक्कं बसलं आहे. पेटी शिकायला सोपी आणि तंबोऱ्यासारखी रोज लावावी लागत नाही, हे नेहमीचं स्पष्टीकरण खरं आहे, पण अपुरं आहे. माझ्या मते पेटी आपली झाली ती तिला उघडणाऱ्यांमुळे. चार स्क्रू काढून तिच्या पोटात हात घालणारे, जुन्या पेट्या जमवणारे, एकीचे सूर दुसरीला लावणारे, आपल्या गळ्याप्रमाणे तिची घडण बदलणारे हौशी लोक नसते, तर ती परकीच राहिली असती.

आधी हे पोट बघू. मागचा भाता हवा आत ढकलतो, ती आतल्या भात्यात साठते, आणि पट्टी दाबली की खालचं भोक उघडून हवा सुरातून बाहेर पडते. सूर म्हणजे पितळेच्या चौकटीत एका टोकाला बसवलेली पातळ पितळी जीभ. ती त्या फटीत न घासता लवली की नाद निघतो. गुजरातमधलं पालिताणा या सुरांसाठी प्रसिद्ध आहे. सुरांच्या एकाहून अधिक ओळी असल्या तर त्यांना खर्ज, नर, मादी म्हणतात. खर्जाच्या जिभा लांब असतात आणि टोकाला जड ठेवलेल्या असतात. या यंत्रात बिघडण्यासारखं बरंच आहे, पण न कळण्यासारखं फार थोडं. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांच्या वर जातो, लाकूड आकसतं, सांध्यांतून हवा सुटू लागते आणि पेटी दमते. पावसाळ्यात तेच लाकूड फुगतं, पट्ट्या एकमेकींना चिकटतात. चामडं आणि बनात उंदरांना प्रिय. सुराच्या फटीत धुळीचा एक कण अडकला की तो सूर मुका होतो, आणि जीभ हलकेच उचलून खालून पातळ कागद फिरवला की पुन्हा बोलू लागतो. रोग नजरेला दिसतो, उपाय हातात असतो. शिकण्याची सुरुवात व्हायला याहून चांगली परिस्थिती कोणती?

खरं शिक्षण मात्र सूर मिळवताना होतं. जिभेचं टोक कानशीने किंचित घासलं की तिथलं वजन घटतं आणि सूर चढतो. मुळाशी घासलं की तिचा ताठपणा घटतो आणि सूर उतरतो. पण कुठवर चढवायचा? कारखान्यातून येणारी पेटी सप्तकाचे बारा समान भाग करून मिळवलेली असते. षड्ज सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर या पद्धतीत पंचम सुमारे ३५९.६ येतो, म्हणजे तंबोऱ्याच्या ३६० ला जवळजवळ चिकटून. गांधार मात्र ३०२.४ येतो, आणि तंबोऱ्याच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार ३०० चा असतो. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला दोनाहून जास्त हेलकावे ऐकू येतात. हा फरक पुस्तकात वाचला तर आकडा वाटतो. कानस हातात धरून तो गांधार उतरवत आणणाऱ्याला हेलकावे मंदावताना ऐकू येतात, आणि ते थांबले त्या क्षणी ५ : ४ हे गुणोत्तर त्याच्या कानांना कळलेलं असतं. मग लगेच दुसरी अडचण समोर येते: एका पट्टीत षड्ज धरून मिळवलेली पेटी दुसऱ्या पट्टीत गायकाला चालत नाही. स्केलचेंजरची, म्हणजे षड्ज हव्या त्या पट्टीत सरकवण्याची, सोय आणि शुद्ध मिळवणीचं सुख यांतली ही ओढाताण हौशी माणसाला स्वतःच्या पेटीवर रोज सोडवावी लागते.

महाराष्ट्रात या ओढाताणीतून एक संपूर्ण चळवळ निघाली आणि ती चालवणारे बहुतेक हौशीच होते. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले अधिकारी. बावीस श्रुतींवरचं, म्हणजे सप्तकातल्या बारीक स्वरस्थानांवरचं, त्यांचं इंग्रजी पुस्तक १९१० साली निघालं. अर्नेस्ट क्लेमेंट्स हे आयसीएसमधले. गवई अब्दुल करीम खाँसाहेबांचे सूर मोजून या दोघांनी श्रुती-हार्मोनियमची कल्पना मांडली आणि ती पेटी लंडनच्या मूर अँड मूर कंपनीकडून करवून घेतली. अलीकडे ठाण्याचे डॉ. विद्याधर ओक यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला. व्यवसायाने वैद्यकाशी जोडलेल्या या माणसाने षड्ज आणि पंचम स्थिर ठेवले, उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन श्रुती दिल्या आणि हवी ती निवडायला खुंट्या बसवल्या. दोन अधिक वीस, बावीस. या मंडळींना पोटापाण्यासाठी पेटी सुधारायची गरज नव्हती. म्हणूनच कारखानदाराला न परवडणारा प्रश्न ते वर्षानुवर्षं धरून बसू शकले.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: एवढं करून साधलं काय? १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत श्रुती-हार्मोनियमला मान्यता मिळाली नाही. कितीही श्रुती भरल्या तरी पेटीतून मींड निघत नाही; एका स्वरातून दुसऱ्यात घसरत जाणं हा तर आपल्या गाण्याचा प्राण. १९४० साली रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत पूर्णपणे सैल झाली नाही. आक्षेप खोटा नाही, आणि मींडेपुरता तो अजूनही निरुत्तर आहे. पण बडोद्याला पेटी हरली तरी वाद जिंकला गेला असं म्हणता येईल. श्रुती नेमक्या कुठे हा तोवर ग्रंथांतला प्रश्न होता. यंत्र समोर ठेवल्यावर तो ऐकून तपासता येण्याजोगा झाला. नापास झालेल्या यंत्रानेही एक गोष्ट नेमकी दाखवून दिली: राग हा ठरावीक जागांचा संच नाही. आणि रेडिओची बंदी चालू असताना देवळांत, नाटकमंडळ्यांत, घराघरांत पेटी चालूच राहिली, कारण तिला दुरुस्त करणारे हात रेडिओ केंद्राच्या आदेशाखाली नव्हते.

दुसरा आक्षेप कारागिरांचा, आणि तो जास्त टोचतो. हौशी माणूस वाद्य बिघडवतो. घासलेलं पितळ परत येत नाही. चुकीच्या जागी घासलेली जीभ सूर सोडते किंवा तुटते. चांगल्या जुन्या पेट्या अर्धवट माहितीने वाया गेल्या आहेत. हे मान्यच करायला हवं. मिरजेचं उदाहरण मुद्दाम समोर ठेवावं. तिथे हत्यारं घडवणारी शिकलगार मंडळी १९ व्या शतकात सतार-तंबोऱ्याकडे वळली, आणि पिढ्यांच्या कामानंतर २०२४ साली मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. तंबोऱ्याची जवारी काढणं, म्हणजे घोडी घासून तारेचा झंकार जमवणं, हे हौसेने महिन्याभरात येणारं काम नव्हे. पण याच मिरजेत राहिलेले अब्दुल करीम खाँसाहेब गवई असून वाद्यदुरुस्तीत वाकबगार म्हणून ओळखले जात. त्यांच्या सुरेलपणाचा आणि या कौशल्याचा काही संबंध नसेल असं मानणं कठीण आहे. कारागीर आणि हौशी हे एकमेकांचे शत्रू नाहीत. ज्याने स्वतः एक सूर बिघडवला आहे, त्यालाच चांगल्या कारागिराच्या मजुरीचा भाव पटतो. शिवाय पेटी या बाबतीत दयाळू आहे: फुकट गेलेला एक सूर काढून दुसरा बसवता येतो, तंबोऱ्याचा चिरलेला भोपळा इतक्या सहज बदलता येत नाही. हौशी माणसाने मोडीतल्या पेटीवर हात बसवावा आणि वडिलोपार्जित पेटी कारागिराकडे न्यावी, एवढा विवेक पुरे.

उघडता येणं हे वाद्याच्या प्रसाराचं कारण असतं, याला परदेशातही पुरावा आहे. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातला रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्याने बाजारात आणलेल्या बेस गिटारची मान अंगाला डिंकाने न जोडता चार स्क्रूंनी बसवलेली होती. दुरुस्ती सोपी व्हावी हा त्यामागचा एक हेतू. पण त्यामुळे मान बदलणं, पिकअप बदलणं, दोन मोडक्या गिटारींतून एक धड करणं घराच्या टेबलावर शक्य झालं. बेस गिटार जमवण्याची, दुरुस्त करण्याची आणि मनाजोगती करून घेण्याची जगभरची हौस त्या चार स्क्रूंवर उभी आहे. उलट, आज भजनी मंडळं स्वस्त म्हणून घेतात तो इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड पाहा. तो कधी बेसूर होत नाही हे खरं, पण त्याचा सर्किट बोर्ड गेला की गावातला सुतार, शिंपी, शिक्षक कुणीच काही करू शकत नाही. बिघडेपर्यंत तो स्वस्त, बिघडल्यावर कचरा. आणि गांधार दोन कंपनं खाली आणायची कुणाला इच्छा झाली, तर साध्या मॉडेलमध्ये त्याला जागाच नाही.

वस्तू उघडून, हाताने काम करत शिकण्याचा हा विचार वर्ध्याला परका वाटू नये. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी इथेच भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगातून शिक्षण हा ठराव केला, झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा दिला आणि नयी तालीम नावाची ही पद्धती सेवाग्रामात रुजली. तिचा आग्रह असा होता की गणित, विज्ञान आणि भाषा हातातल्या कामातून यावीत. कोणी म्हणेल, सूतकताईतून वस्त्र मिळतं, पेटी दुरुस्तीतून काय मिळणार? बाजारभावाने पाहिलं तर थोडंच. पण एका पेटीत सुतारकाम आहे, चामड्याचं काम आहे, हवेचा दाब आहे, कंपनांचं विज्ञान आहे आणि अपूर्णांकांचं गणित आहे. शिवाय काम नीट झालं की नाही याचा निकाल शिक्षकाने द्यावा लागत नाही, तो कान देतो. जिल्ह्यातल्या शाळांच्या आणि मंडळांच्या अडगळीत ज्या बंद पेट्या पडून आहेत, त्या भंगारात देण्याआधी सातवी-आठवीच्या मुलांसमोर उघडून ठेवाव्यात. काही सूर फुकट जातील. ती फी म्हणून मोजायला हरकत नाही.